दोर घट्ट हवा, गाठ सुटती हवी

देगलूरहून संगारेड्डीमार्गे हैदराबादला जाणारी गाडी शहरात शिरते ती कुकटपल्लीच्या अंगाने. पटानचेरू गेलं, मियापूर गेलं की डोक्यावरून मेट्रोचा पूल सुरू होतो आणि आपल्याकडची माणसं पिशव्या काढायला उठतात. सीमाभागातल्या कितीतरी घरांतला एखादा तरी मुलगा, जावई किंवा मेहुणा या परिसरात स्थिरावलेला आहे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेली वीस वर्षं तिथल्या केपीएचबी कॉलनीत राहते. तिच्याकडच्या गणपतीला जाणं हा माझा दरवर्षीचा नेम. यंदाही गेलो. परत येताना मात्र डोक्यात आरती नव्हती, प्रसाद नव्हता. डोक्यात होता एक लोखंडी आकडा.

कुकटपल्लीत आयडीएल चेरुवु नावाचा तलाव आहे. ‘इंडियन डिटोनेटर्स लिमिटेड’ या स्फोटकं बनवणाऱ्या कारखान्यावरून हे नाव पडलं. रंगधामुनी चेरुवु हे त्याचं दुसरं नाव. अनंत चतुर्दशीला आसपासच्या वस्त्यांचे गणपती इथेच येतात. घरचा गणपती बोळवून आम्ही काठावर थांबलो, मोठ्या मूर्ती बघायला. मूर्ती क्रेनच्या आकड्याला पट्ट्यांनी लटकवायची, पाण्यावर न्यायची आणि खाली सोडायची, असा क्रम. पूर्वी आकडा सोडवायला एक माणूस मूर्तीबरोबरच चौकटीवर उभा राहून जायचा. पाण्यात हेलकावे खात, ओल्या हातांनी तो पट्ट्या काढायचा. हैदराबादेत आता विसर्जनाच्या क्रेनना आपोआप सुटणारे आकडे बसवू लागले आहेत. मूर्ती पाण्याला टेकते, पट्ट्यांवरचा भार उतरतो आणि आकड्याचा जबडा उघडतो. मूर्ती खाली, आकडा वर. पाण्यात माणूस नाही.

माझा भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. तो म्हणाला, “मामा, याचे मोठे भाऊ बंदरावर असतात. जहाजाचा दोर त्यांत अडकवतात. वेळ आली की एका झटक्यात सोडून देतात, दोर कितीही ताणलेला असो.”

तो हे सहज बोलून गेला. मी मात्र एकदम तीस-पस्तीस वर्षं मागे गेलो.

ओली गाठ

मांजरेच्या काठी आमचं गाव. मी सातवीत असेन. रात्री पाऊस लागलेला होता, वरून पाणी सोडल्याची कुजबुज होती, पण नदी गोठ्यापर्यंत येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. मध्यरात्री माय ओरडली तेव्हा गोठ्यात गुडघाभर पाणी होतं. दादा म्हणजे आमचे वडील कंदील घेऊन धावले. चार जनावरं होती. दावी अंबाडीची, घरीच वळलेली. आणि गाठी सगळ्या निरगाठी.

अंबाडीचा दोर भिजला की फुगतो. फुगलेल्या दोराची गाठ आवळते, आणि जनावरानं भिऊन हिसके दिले की आणखी आवळते. दादांची नखं चालेनात. विळ्यानं त्यांनी दोन दावी कापली. तिसरं कापताना विळा हातातून निसटून पाण्यात गेला. तोवर कंदीलही विझला होता. तिसरा बैल अर्धवट कापलेला दोर तोडून आपसूक सुटला. चौथी तांबडी गाय सुटली नाही. पाणी छातीला लागलं तेव्हा दोन चुलत्यांनी दादांना ओढून बाहेर आणलं.

दादांनी त्या गाईबद्दल पुढे कधी फार बोलणं केलं नाही. एक गोष्ट मात्र आम्हा भावंडांना त्यांनी दटावून शिकवली. दावं असं बांधायचं की अंधारात, एका हातानं, ओढ असताना सुटलं पाहिजे. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. निरगाठ म्हणजे पक्की, आवळणारी गाठ. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढताच मोकळी होणारी. शाळेत हे शब्द मी अर्थासह पाठ केले होते. त्यांच्यातला खरा फरक त्या रात्री कळला.

दोन शिंगांचा खुंटा

विसर्जनानंतरच्या रविवारी भाच्यानं मला मेट्रोनं हुसेन सागरला नेलं. लुंबिनी पार्कच्या धक्क्यावरून बुद्धमूर्तीकडे बोटी जातात. लोक बुद्ध बघत होते, मी दोर बघत बसलो. बोट धक्क्याला लागली की खलाशी दोर घेऊन उडी मारतो, धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला तीन-चार हात करतो आणि लगेच माणसांना उतरायला हात देतो. सगळं मिळून पाच-सात सेकंद. बोट निघताना तेवढाही वेळ लागत नाही.

खुंटा म्हणजे काय, तर बुटक्या पायावर आडवी बसवलेली लोखंडी दांडी. दोन्ही बाजूंना शिंगांसारखी टोकं निघालेली. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव क्लीट. त्यात एकही हलणारा भाग नाही. स्प्रिंग नाही, कळ नाही, कुलूप नाही. तरीही भरलेली बोट तो धरून ठेवतो.

पन्नाशीच्या एका खलाशाला मी विचारलं, “हे बांधता कसं, दाखवता का?” मास्तर दिसलो असेन, कारण तो लगेच विद्यार्थ्याला शिकवावं तसं शिकवायला लागला. आपल्याला कळणाऱ्या दखनीत म्हणाला, “साब, पैले पूरा घेरा देना, बाद में आठ. गाठ सबके आखिर में. पैलेच गाठ मारे तो भार आने के बाद खोलने को नै आता.”

म्हणजे असं. बोटीकडून येणारा दोर आधी क्लीटच्या लांबच्या शिंगाखालून घ्यायचा आणि पायाभोवती एक पूर्ण वेढा द्यायचा. मग दोन शिंगांवर तिरपा, इंग्रजी आठच्या आकारात, एक-दोनदा फिरवायचा. सगळ्यात शेवटी टोकाला पीळ देऊन शिंगात एक अडकण टाकायची. भार घेतो तो पहिला वेढा. आठाचे फेरे त्याला साथ देतात. शेवटची अडकण फक्त दोर जागचा हलू नये म्हणून. सोडताना उलटा क्रम. अडकण काढली, आठ काढले, आणि वेढा तेवढा ठेवून दोर हळूहळू सैल सोडला, तर ओढणारी बोटसुद्धा हातातून निसटत नाही.

यात मला दादांची शिकवण स्वच्छ दिसली. गाठीवर भार टाकायचा नाही. भार वेढ्यावर टाकायचा आणि गाठ हलकी ठेवायची. आमच्या गोठ्यात सगळा भार गाठीवरच होता.

वेढ्याचा हिशोब

वेढ्यात एवढी ताकद कुठून येते? भाच्यानं मला धक्क्यावरच्या बाकावर बसून गणित सांगितलं. मी एम.ए.वाला माणूस, पण हे गणित समजलं, म्हणून इथे सांगतो.

दोर खांबाला घासतो. या घर्षणामुळे वेढ्याच्या प्रत्येक भागात दोरावरचा ताण थोडा थोडा कमी होत जातो. कमी होण्याची रीत वजाबाकीची नाही, भागाकाराची आहे. घर्षणाचं प्रमाण पाव धरलं, तर एका पूर्ण वेढ्याला ताण सुमारे पाचव्या हिश्श्यावर येतो. दुसऱ्या वेढ्याला त्याचाही पाचवा हिस्सा. समजा, पलीकडे ५०० किलोची ओढ आहे. एक वेढा दिला की अलीकडे साधारण १०४ किलोची ओढ हाताला लागते. दोन वेढे दिले की २२ किलोच्या आत. तीन वेढे दिले की साडेचार किलो. म्हणजे पलीकडे अर्धा टन, आणि अलीकडे आठवीतली मुलगी तो दोर आरामात धरून उभी. लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञानं अठराव्या शतकात या घर्षणाचं सूत्र मांडलं. गंमत म्हणजे त्या सूत्रात खांबाच्या जाडीला स्थान नाही. खांब जाड असो की बारीक, वेढे किती यावर सगळं ठरतं. दोर ओला किंवा बुळबुळीत असेल तर घर्षण कमी होतं, म्हणून जाणता खलाशी एक वेढा जास्तीचा देतो.

ऑयलरचं नाव आपल्या शेतकऱ्यानं ऐकलेलं नसेल, पण सूत्र त्याला ठाऊक आहे. उधळलेला बैल आवरताना तो कासरा हातात धरून झटापट करत नाही. पळत जाऊन बाभळीच्या बुंध्याला दोन वेढे घालतो आणि टोक धरून उभा राहतो. वेढे घातले नाहीत आणि कासरा मनगटाला गुंडाळला, तर काय होतं हेही आपण पाहिलं आहे. गावोगावी एखाद्याचं बोट असंच गेलेलं असतं. दोर खुंट्याला गुंडाळायचा असतो, हाताला नाही. हा नियम मुंबईच्या गोदीत आहे तसाच आपल्या वावरातही आहे.

बंदरावरची रीत

समुद्रावरची जहाजं मोठी, म्हणून तिथले खुंटेही मोठे. धक्क्यावर पुरलेले लोखंडी ठोकळे तुम्ही सिनेमात पाहिले असतील. त्यांना बोलार्ड म्हणतात. कंबरेला बारीक आणि डोक्याला रुंद, म्हणजे ताणलेला दोर वर सरकून निसटत नाही. परदेशात कित्येक जुन्या बंदरांवर निकामी तोफा जमिनीत उभ्या पुरून त्यांचेच बोलार्ड केलेले होते. जहाजावर असे दोन ठोकळे जोडीनं बसवतात आणि त्यांच्यावर दोर आठाच्या आकारात फिरवतात. शर्यतीच्या छोट्या शिडाच्या होड्या हुसेन सागरवरही धावतात. त्यांच्यावर आणखी एक छोटा प्रकार असतो. दातेरी कडांच्या दोन चकत्या समोरासमोर बसवलेल्या. दोर ओढला की दात त्याला पकडतात, वर उचलला की सोडतात. वाऱ्याचा झोत आला तर शिडाचा दोर तत्क्षणी सुटला पाहिजे, नाहीतर होडी उलटते. तिथेही गाठीला जागा नाही.

समुद्राला भरती-ओहोटी असते, हे आपण नदीकाठचे लोक विसरतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईला पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं. भरतीला आखूड बांधलेली होडी ओहोटीला धक्क्याला लटकेल, आणि ओहोटीला आखूड बांधलेली भरतीला पाण्याखाली ओढली जाईल. म्हणून दोराला ढील ठेवायची आणि पाण्यावर लक्ष ठेवायचं, हे कोळ्याच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही.

खलाशानं आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला सगळ्यांत आवडली. एकाच खुंट्याला दोन बोटी बांधायच्या असतात तेव्हा नंतर येणारा आपल्या दोराचा फास पहिल्याच्या फासावर सरळ टाकत नाही. आधी तो पहिल्या फासाच्या आतून खालून वर घेतो, आणि मगच खुंट्यावर चढवतो. असं केलं की कोणालाही आधी निघता येतं, दुसऱ्याचा दोर न हलवता. वर टाकलेला फास खालच्याला अडवून ठेवतो. जगभर बंदरांवर ही रीत पाळतात. दुसऱ्याची वाट आपल्या गाठीखाली अडकू नये, एवढा विचार करून दोर टाकणारी माणसं मला फार सुसंस्कृत वाटली.

अक्काला संध्याकाळी हे सांगितलं, तर ती हसून म्हणाली, “इथं तेलुगू लग्नात तीन गाठी मारतात. मूडु मुळ्ळु म्हणतात. त्या सुटायच्या नसतात बाबा!” खरंच आहे. काही गाठी निरगाठीच हव्यात. प्रश्न एवढाच की कोणती कुठे.

कृष्णेतलं उदाहरण

गाठ न सुटल्याचं दुःख मी सांगितलं. बोट सुटून गेली तर काय होतं, याचं उदाहरणही फार लांबचं नाही. १ सप्टेंबर २०२४ रोजी विजयवाड्याला कृष्णेला न भूतो असा पूर आला. प्रकाशम बॅरेजवरून ११ लाख क्युसेकहून अधिक पाणी वाहत होतं. त्या पाण्यात वरच्या बाजूच्या लोखंडी अवजड बोटी जागा सोडून वाहत आल्या आणि बॅरेजवर आदळल्या. ७० दरवाजांच्या त्या बॅरेजच्या ६७, ६९ आणि ७० क्रमांकाच्या दरवाजांपाशी तडाखा बसला आणि दरवाजे उचलायला मदत करणारे काँक्रीटचे प्रतिभार फुटले. पुराच्या भर धावपळीत त्यांची दुरुस्ती करावी लागली. अडकलेल्या बोटी काढायला पुढे कित्येक दिवस गेले. पाणबुड्यांना पाण्याखाली लोखंड कापावं लागलं. दोष कोणाचा यावर पुष्कळ वाद झाला. त्यात मला पडायचं नाही. पण नदीकाठी बांधलेली बोट ही एकट्या मालकाची बाब नसते, हे त्या दिवशी लाखो लोकांना कळलं. एक बोट सुटली की खालचा पूल, बंधारा, घाट, सगळेच तिच्या वाटेत येतात.

आपल्याकडेही गोदावरी आहे, मांजरा आहे. विष्णुपुरीपासून बाभळीपर्यंत बंधारे आहेत आणि पाणी सोडलं की पातळी तासाभरात बदलते. मासेमारी करणारे आपले भोई बांधव आणि पलीकडच्या काठाला माणसं नेणारे नावाडी होड्या बांधतात त्या घाटाच्या दगडाला, झाडाच्या मुळाला किंवा रोवलेल्या पहारीला. दोर बहुधा बाजारातला स्वस्त प्लास्टिकचा. तो उन्हानं कडक होतो, दगडावर घासून झिजतो, आणि वरून चांगला दिसत असतानाच तुटतो. नायलॉनचा दोर मजबूत, पण तो रबरासारखा ताणतो. तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. बंदरावर अशा फटक्यानं माणसं दगावली आहेत. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, हा तिथला पहिला धडा.

मोठा खर्च करायला हवा असं नाही. काही गोष्टी फुकटच्या आहेत. पावसाळ्यात होडी उंच जागी बांधावी, म्हणजे पाणी चढलं तरी खुंटा बुडणार नाही. दोराला ढील ठेवावी, कारण आखूड बांधलेल्या होडीचं नाक चढत्या पाण्यात खाली ओढलं जातं. एका दोरावर विसंबू नये, पुढून आणि मागून असे दोन दोर, दोन वेगळ्या खुंट्यांना बांधावेत. दोर दगडावर घासतो तिथे जुन्या पाइपाचा किंवा टायरचा तुकडा घालावा. आधी वेढे, मग शेवटी सुरगाठ. आणि होडीत एक धारदार विळा दोरीनं बांधून ठेवावा. शेवटचं हे दादांच्या हातून निसटलेल्या विळ्यामुळे सुचलं, हे कबूल करतो.

घरचा तपास

कुकटपल्लीहून परतल्यावर दोनच दिवसांनी मी गावी गेलो. आता दादा नाहीत. शेती धाकटा भाऊ बघतो. गोठा उंचावर बांधला आहे, खाली फरशी, भिंतीत लोखंडी कड्या. संध्याकाळी जनावरं आली तेव्हा मी सहज दावी पाहू लागलो. अंबाडी केव्हाच गेली, सगळं नायलॉन. तीन दावी नीट सुरगाठीनं बांधलेली. चौथं दावं कडीला करकचून निरगाठ मारलेलं, त्यावर आणखी एक निरगाठ.

मला राग आला. भावाला म्हणालो, “हे कोणी बांधलं? दादांनी एवढं शिकवलं, विसरलास का?”

तो वैरण टाकत होता. मागे न बघता म्हणाला, “अण्णा, तुम्हीच की. पोळ्याला आले होते तवा. म्हटलं, राहू द्या, अण्णांनी बांधलंय.”

मी काही बोललो नाही. ती गाठ सोडवायला मला दाभण घ्यावं लागलं आणि बराच वेळ लागला. मग कडीतून दोन वेढे घेतले आणि टोक दुमडून सुरगाठ मारली. भाऊ जवळ आला. त्यानं गोठ्यातला दिवा बंद केला आणि मला म्हणाला, “सोडा आता. एका हातानं.”

पहिल्यांदा टोक सापडलं नाही. दुसऱ्यांदा सापडलं. ओढलं, दावं सुटलं, आणि गाय दोन पावलं पुढे गेली.